ठेवणीतली चूक

माझ्या भावाला तुम्ही ओळखता. नाही म्हणू नका, ओळखताच. दर शुक्रवारी संध्याकाळी काळा कोट घालून, चष्मा नाकावर सरकवत, "गेल्या आठवड्यात आमच्याकडून पुढील चूक झाली" असं म्हणणारा आणि लगेच डोक्यावर बादलीभर पाणी घेणारा तो बारकासा माणूस. तोच तो. पोरं त्याला बादलीकाका म्हणायची. कोपऱ्यावरचा दुधवाला "या, बादलीसाहेब!" म्हणून हाक मारायचा. मी त्याला धाकट्या म्हणायची. आई लवकर गेली आणि त्याला वाढवलं मी. केसांचा कापूस झाला तरी माझ्यासाठी तो धाकट्याच राहिला.

माझं धुलाई आणि इस्त्रीचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. लग्न मी केलं नाही, त्याचं टिकलं नाही. "दोघांचा मिळून एक धड संसार होतो," मी म्हणायची. त्यावर तो म्हणायचा, "त्यातही इस्त्री तूच करतेस, ताई." त्याला येणारा विनोद एवढाच. आणि असा माणूस विनोदी मालिकेत जातो, बोला आता!

आधी तो वर्तमानपत्रात होता. बातम्या आणायला नव्हे, तपासायला. आतल्या पानावर एका कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट यायची, वर लिहिलेलं असायचं 'दुरुस्ती'. ती चौकट त्याची. कुणाचं आडनाव चुकलं, कुणाला जिवंतपणी मारून टाकलं, एकाच्या फोटोखाली दुसऱ्याची भानगड छापली, की हा त्या माणसाला फोन करणार, शिव्या खाणार, माफी मागणार आणि मग चौकट लिहिणार. चौकटीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "यात संबंधित व्यक्तीचा काहीही दोष नव्हता." ते लिहिल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"बैल गेला नि झोपा केला, त्याचा पगार घेतोस तू," मी चिडवायची.

"झोपा केला तर पुढचा बैल तरी राहतो ना, ताई?"

पुढे ते वर्तमानपत्रच बंद पडलं. हा माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. शर्टांच्या घड्या घालायचा आणि त्याची पाठ वळली की मी त्या मोडून परत घालायची. तेव्हा निर्मातीबाई आल्या. चांगल्या साडीतल्या, चांगल्या बोलण्याच्या. 'शुक्रवारची बातमी' नावाची मालिका त्या काढणार होत्या. बातमी अगदी खरी, स्वतः हिंडून आणलेली, पण सांगायची थट्टेनं. म्हणजे लोक हसतील आणि हसता हसता कळेलही. नावं ठेवायची म्हणून मी ठेवणार नाही. चांगली होती ती मालिका. आमच्या भागातल्या पाण्याच्या टाकीत मेलेली कबुतरं त्यांनीच दाखवली. सूत्रसंचालकानं असा काही ग्लास तोंडाला लावला होता की पोट धरून हसलो आम्ही, आणि हसून झाल्यावर ओकारी आली. आठवड्याभरात टाकी साफ.

"आम्ही हसवतो, म्हणून आम्ही काहीही ठोकून देतो असं लोकांना वाटायला नको," निर्मातीबाई माझ्या स्टुलावर बसून म्हणाल्या. "चुकलो तर चुकलो असं तोंड वर करून सांगणारा एक माणूस हवाय मला."

धाकट्याचे कान आनंदानं लाल झाले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या चौकटीसाठी बोलवायला आलं होतं.

सुरुवातीला तो नुसता उभा राहून दुरुस्ती वाचायचा. इतकं कंटाळवाणं, की मी त्याची सख्खी बहीण, पण तेवढ्यात चहा ठेवून यायची. स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. पत्र्याचं छप्पर गळायचं, म्हणून वर तुळईला एक बादली टांगून ठेवलेली. एका गुरुवारी चित्रीकरण चालू असताना ती भरलेली बादली उलटली आणि सगळं पाणी धाकट्याच्या डोक्यावर. समोर बसलेले प्रेक्षक गार. यानं काय करावं? चष्मा काढला, ओल्या रुमालानं पुसला, परत घातला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे बाकी राहिले.

झालं! पुढच्या आठवड्यापासून दर चुकीला एक बादली.

मी कसली भडकले होते! त्या निर्मातीबाईंना स्टुडिओत जाऊन धुवून काढणार होते. धाकट्यानं मला दारात अडवलं.

"ताई, इतकी वर्षं मी चौकट लिहिली. कुणी वाचली? तू तरी वाचायचीस का?"

मी कशाला खोटं बोलू? नाही वाचायची.

"आता सगळा गाव दुरुस्तीची वाट बघत बसतो. पाण्यासाठी का होईना, पण बघतो ना?"

मग दर गुरुवारी तो ओला कोट पिशवीतून घरी आणायचा. लोकरीचा कोट, उन्हात टाकला की गेलाच. मी तो सावलीत पंख्याखाली वाळवायची, खांद्यातला दबलेला कापूस बोटांनी वर काढायची, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची. कोटाला मी असं जपलं म्हणून तो इतका टिकला, आतल्या माणसाला काही तसं जपता आलं नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. बादली पडली की हशा, संगीत आणि कार्यक्रम संपला. पण त्या हशाच्या खाली धाकट्याचे ओठ हलत असायचे. मी ओळखायची. ते शेवटचं वाक्य. काहीही दोष नव्हता. ऐकू कुणालाच यायचं नाही, पण म्हटल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही.

हळूहळू तो कुरकुरायला लागला. "आमची पोरं फार चुकतात गं. आज तारीख, उद्या आडनाव. एक आठवडा सरळ जात नाही." मग हा त्यांना बसवून शिकवायचा, नाव दोनदा विचारा, फोटोच्या मागं बघा. पोरं माना डोलवायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चूक. "पालथ्या घड्यावर पाणी," मी म्हणायची. तो म्हणायचा, "शिकतील."

मग एक दिवस दुकानात ती बाई आली.

पन्नाशीची, नीटनेटकी, हातात पिशवी. मला वाटलं कपडे द्यायला आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बादली घेणारे साहेब इथंच राहतात ना?" धाकट्या मागं बटणं लावत बसला होता. तो उठून पुढे आला. हसतच आला, त्याला वाटलं कुणी चाहती आहे.

"मला ओळखलंत?" ती म्हणाली.

त्यानं ओळखलं. त्याचं हसू जागच्या जागी गेलं.

आदल्या महिन्यात त्यांनी एक खरी बातमी दाखवली होती. एका पाळणाघरात मुलं शांत राहावीत म्हणून दुधात झोपेचं औषध घालत होते. ते करणाऱ्या बाईचा फोटो म्हणून पडद्यावर जो चेहरा आला, तो या बाईचा होता. पुढच्या शुक्रवारी धाकट्यानं दुरुस्ती केली, फोटो वेगळ्याच बाईंचा होता म्हणून बादली घेतली, लोक हसले, मी कोट वाळवला. विषय संपला, असं आम्हाला वाटलं होतं.

"मीसुद्धा पाळणाघरच चालवते हो," ती म्हणाली. "माझ्या खोलीत. सगळी मुलं मला मावशी म्हणतात. तुमचा कार्यक्रम लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकेक मूल यायचं बंद झालं. मी म्हटलं, शुक्रवारी दुरुस्ती येईल. आली. आता लोक काय म्हणतात सांगू? 'ती बघ, जिच्यामुळं बादलीकाका भिजले.' माझा चेहरा, दुधातलं औषध आणि तुमची बादली, तिन्ही एकदम लक्षात राहिलं त्यांच्या. दुरुस्ती तेवढी विसरले."

धाकट्या उभाच होता. हातात कुणाच्या तरी शर्टाचं बटण.

"काय करू मी?" त्यानं विचारलं.

"एकदा कोरड्या अंगानं सांगा," ती म्हणाली. "कुणी हसणार नाही असं. माझी मुलं परत आली पाहिजेत. मला दुसरं काही येत नाही."

"सांगतो. शब्द देतो," तो म्हणाला. आणि धाकट्यानं शब्द दिला की तो इकडचा तिकडं व्हायचा नाही, हे मला माहीत होतं.

त्याच दुपारी तो स्टुडिओत गेला. हा फोटो आला कुठून, हे आधी त्याला शोधायचं होतं. संध्याकाळी परत आला तो थेट दुकानाच्या पायरीवरच बसला. आत येईना.

"काय झालं रे?"

"ताई, ती चूक नव्हतीच."

मग त्यानं सांगितलं. फोटो सांभाळणाऱ्या मुलीला त्यानं विचारलं, असा कसा फोटो चुकलीस? ती बावरली आणि बोलून गेली, "सर, ती तर ठेवणीतली चूक होती." स्टुडिओत सगळ्यांना तो शब्द ठाऊक होता. याला तेवढा नव्हता. खरी चूक काही दर आठवड्याला होत नाही, आणि बादली नसली की प्रेक्षक नाराज होतात. म्हणून पोरं कार्यक्रमात एखादी बारीकशी चूक मुद्दाम सोडून द्यायची. कुणाला लागणार नाही अशी. ती पुढच्या शुक्रवारी धाकट्याच्या कामी यायची. आपण ठेवणीतला कपडा वेळेला काढतो ना, तशी. त्या आठवड्यात फोटो बदलायचा असं ठरलं होतं. ही बाई एकदा प्रेक्षकांत येऊन बसली होती, कार्यक्रमाआधी कुणी विचारलं तेव्हा पाळणाघर चालवते म्हणाली होती, आणि तेव्हा काढलेल्या तिच्या फोटोखाली तसं लिहून ठेवलेलं होतं. त्या मुलीनं 'पाळणाघर' म्हणून शोधलं, हसरा चेहरा मिळाला, लावून टाकला.

"मी त्यांना शिकवत होतो गं," धाकट्या म्हणाला. "नाव दोनदा विचारा म्हणून. पोरं माना डोलवत होती."

"गाढवं मेली!" मी म्हणाले. "आणि तुझ्या त्या निर्मातीबाई?"

"त्यांना माहीत होतं."

इतकी वर्षं तो ज्यासाठी भिजला ते असं निघालं. मला रडू आलं, संताप आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं निर्मातीबाईंना तोंडावर सांगितलं. या गुरुवारी बादली नाही. मी कोरडा उभा राहणार, चूक मुद्दाम केली होती हे सांगणार, आणि त्या बाईंचं नाव घेऊन शेवटचं वाक्य ऐकू येईल असं म्हणणार. निर्मातीबाईंनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाल्या, "म्हणा. तुमचा हक्क आहे."

त्या गुरुवारी कोट कोरडा आला. पिशवीत नाही, अंगावर. मी दुकानाच्या दारात त्याची बाही हातात घेऊन बघितली. खडखडीत.

"म्हणालास?"

"सगळं म्हणालो. लोक मधे मधे हसत होते, बादलीची वाट बघत होते. मी थांबलो. ते गप्प झाल्यावर म्हणालो. शेवटचं वाक्यसुद्धा."

शुक्रवारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. तो फोन हातात घेऊन. कार्यक्रम संपला की त्या बाईंना करायचा होता. पडद्यावर धाकट्या आला. "गेल्या महिन्यात दाखवलेला फोटो चुकीचा होता," म्हणाला. आणि त्याच्या डोक्यावर धो धो पाणी पडलं.

मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्याकडं. कोट कपाटात टांगलेला होता, कोरडा. पडद्यावर तोच कोट निथळत होता. कुठल्या तरी जुन्या आठवड्यातलं पाणी त्यांनी तिथं जोडलं होतं. मुद्दाम केल्याचं काढून टाकलं, बाईंचं नाव काढून टाकलं. हशा, संगीत, संपलं. त्याच्या हातातला फोन तसाच राहिला.

तो नोकरी सोडायला गेला तेव्हा निर्मातीबाईंनी त्याला हात जोडले. "आम्ही मुद्दाम चुकतो हे एकदा बाहेर गेलं की आमच्या खऱ्या बातम्यासुद्धा कुणी खऱ्या मानणार नाही. मग टाकीतली कबुतरं कोण दाखवणार, सांगा ना?" धाकट्या म्हणाला, त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. मी म्हणाले, तू गप्प बस. एकीच्या पोटावर पाय देऊन कबुतरं दाखवायची म्हणे!

मग आम्ही दोघं त्या बाईकडं गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. दार साखळी लावून बोटभर उघडलं. आत भिंतीला चिकटवलेली मुलांची चित्रं दिसत होती, आणि खालच्या गाद्या गुंडाळून उभ्या करून ठेवलेल्या.

"कशाला आलात?" ती म्हणाली. "बादली विसरलात वाटतं आज."

"अहो, तो भिजलाच नव्हता!" मी पुढं झाले. कोट मी हातावर टाकून नेला होता. "जन्म गेला माझा कपड्यांत. त्या दिवशी हा कोट कोरडा घरी आला. हात लावून बघा."

तिनं फटीतून हात बाहेर काढला, बाही चाचपली. "कोरडाच आहे," ती म्हणाली. "ओले कपडे वाळतातच की, बाई."

मी उगाच कोटाची बाही परत सारखी केली.

धाकट्यानं कोट माझ्या हातून घेतला, अंगात घातला, बटणं लावली. खुलासा नाही, कारणं नाहीत. फटीसमोर ताठ उभा राहून त्यानं दुरुस्ती म्हटली. तिचं पूर्ण नाव घेतलं. फोटो चुकीचा होता. तो चुकून लागला नव्हता, मुद्दाम लावला होता. यात संबंधित व्यक्तीचा काहीही दोष नव्हता.

फटीतला तिचा हात साखळीवर गेला.

"हे शेवटचं कधी ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "मी समोर बसले होते तुमच्या कार्यक्रमाला. मला वाटलं, थंडी वाजते म्हणून तुमचे ओठ हलतात."

तिनं साखळी काढली. चहा केला.

तिच्याकडून त्यानं मुलांच्या घरांचे पत्ते विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून दारोदार जायला लागला. रोज तोच काळा कोट. "उकाड्यात कोट कशाला रे मरायला?" मी म्हणायची. "दुरुस्ती करायची तर नीट कपड्यात नको का, ताई?" त्याचं उत्तर. लोक दार उघडायचे आणि आधी किंचाळायचे, "अरे, बादलीकाका! या या, एक फोटो काढू या!" पोरांना कडेवर घेऊन त्याच्याशेजारी उभे राहायचे. मग तो सांगायचा. ते हसऱ्या तोंडानं ऐकायचे, "छान, छान" म्हणायचे, आणि मूल काही पाठवायचे नाहीत. पुष्कळांनी विचारलं, हे कुठल्या भागात दाखवणार? संध्याकाळी तो येऊन चपला काढायचा. त्याच्या तोंडावरूनच कळायचं.

एक दार मात्र उघडलं. बाईच्याच गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक तरुण आई. तिची मुलगी जेमतेम वर्षाची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बाईला घरी बोलवून मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. त्या संध्याकाळी धाकट्या शीळ घालत जिना चढला. शीळ त्याला येत नाही, नुसती हवा. पण घातली. "एक आलं, ताई," म्हणाला. "एकामागून एक येतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच्या छातीनं दगा दिला. दर आठवड्याच्या पाण्याचा याच्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय, त्यांनी थोडाच कोट पिळला होता! दवाखान्यात पडल्या पडल्या तो उरलेल्या घरांची नावं घ्यायचा. अमक्यांकडं संध्याकाळी जायला हवं, सकाळी ते घरी नसतात. असं म्हणत म्हणतच गेला. मी त्याला वाढवलं होतं. माझ्या आधी जायचा त्याला काय अधिकार होता?

निर्मातीबाई दुकानात आल्या. रडल्या. खोटं नाही, मनापासून रडल्या. डोळ्यांतलं पाणी खरं की वरचं, ते मला कळतं. कोट मागितला, स्टुडिओत काचेत ठेवायला. मी दिला नाही. "या शुक्रवारचा अख्खा भाग त्यांच्यावर आहे," जाता जाता म्हणाल्या. "प्रेमानं केलाय सगळ्यांनी."

मी बघायला बसले. न बघून करते काय, पुन्हा त्याला हलताबोलता बघायला मिळणार होतं. पहिली बादली दाखवली, तुळईवरची. तो चष्मा पुसताना बघून मला हसू आलं, खरंच आलं. एकामागून एक बादल्या. मागं हळू संगीत. आणि मधेच पडद्यावर ती आली. तिचा हसरा चेहरा, अख्ख्या पडद्याएवढा. शेजारी दुधाची बाटली. मग धाकट्या आणि वरून पाणी.

प्रेमानं केलं होतं. कुणाला आठवलंसुद्धा नसेल. आणि अशा वेळी फोन करून शिव्या खाणारा, चौकट लिहिणारा जो एक माणूस होता, त्याच्यावरच तो भाग होता. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तोच ती दारात. मी मनात म्हटलं, बोल बाई, तोंडाला येईल ते बोल, ऐकून घेते.

"सकाळी त्या छोटीच्या आईचा फोन आला," ती म्हणाली. "मुलीला आता आजीकडं ठेवणार आहेत म्हणे." आणि काउंटरवर हात ठेवून उभी राहिली. कोट मागं खुंटीला होता. तिची नजर त्याच्यावर गेली.

"ताई," ती म्हणाली, "यात त्यांचा काहीही दोष नव्हता हो."

तो गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले. कुणाच्या तरी धुतलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले, आणि ती चादर मला परत धुवावी लागली.

दुपारी शटर ओढलं आणि त्या तरुण आईच्या दाराशी गेले. एकटीच. तिनं दार उघडलं, मुलगी कडेवर होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं.

"काल बघितला आम्ही कार्यक्रम," ती हळहळून म्हणाली. "किती हसवायचे हो तुमचे भाऊ! फार वाईट वाटलं."

मी म्हणाले, मी त्या बाईंबद्दल आलेय.

"हो, ते माहितेय ना. भाऊ स्वतः येऊन गेले होते. खरं आहे ते." तिनं मुलीचं झबलं सारखं केलं. "पण मूल लहान आहे हो आमचं. उद्या चार लोक विचारतील."

मी उठून उभी राहिले. पदर सारखा केला. धाकट्या उभा राहायचा तशी ताठ उभी राहिले आणि त्याची चौकट म्हणायला लागले. बाईचं नाव घेतलं. फोटोचं सांगितलं. माझा आवाज त्याच्यासारखा कोरडा नाही, मधेच फाटला, पण मी थांबले नाही. ती तरुण आई ऐकत होती. वाईट नव्हती ती, मन लावून ऐकत होती. मी शेवटच्या वाक्याशी आले, "यात संबंधित व्यक्तीचा," आणि तिचे डोळे माझ्या तोंडावरून हळूच वर सरकले. माझ्या डोक्याच्या वर, छताकडं. तिला स्वतःला कळलंही नसेल. कडेवरच्या मुलीनंही आईचं बघून मान वर केली.

वर काही नव्हतं. नुसता पंखा फिरत होता. मी वाक्य पुरं केलं.